जमिनीचा उतार नदीकडे, मग डिझेलचा वास उलट्या बाजूच्या आडात कसा आला?

गाळामालक, सांगली

नमस्कार. सांगलीत कृष्णेपासून साधारण सव्वा किलोमीटर पूर्वेला आमची दुमजली व्यापारी इमारत आहे. खाली दहा गाळे आहेत आणि मागच्या अंगणात वडिलांनी जपलेला, दगडी बांधणीचा तीस फूट खोल आड आहे. महापालिकेचे पाणी येत असले तरी फरशी धुणे, स्वच्छतागृहे आणि एका गाळ्यातील खानावळीची भांडी यांसाठी या आडाचेच पाणी वापरले जात असे. गेल्या डिसेंबरपासून त्या पाण्याला रॉकेलसारखा वास येऊ लागला. बादली उन्हात ठेवली की पाण्यावर रंगीत तवंग दिसतो, आणि तीच बादली रात्रभर तशी राहिली तर सकाळी तळाशी तांबूस गाळ बसलेला असतो. वास आला त्याच दिवशी मी खानावळीची जोडणी बंद केली, परंतु त्याआधी किती दिवस ते पाणी भांड्यांना लागत होते या विचाराने मन स्वस्थ राहत नाही.

आमच्या पश्चिमेला लागून एका जुन्या ट्रान्सपोर्टचे आवार आहे. तेथे ट्रकसाठी जमिनीखाली डिझेलची टाकी होती. २०१९ च्या महापुरात त्या आवारात कमरेइतके पाणी कित्येक दिवस उभे होते. आता त्या जागेवर व्यापारी संकुल होणार आहे, म्हणून मालकांनी टाकी काढून घेतली आणि एका सल्लागार संस्थेकडून जागेची तपासणी करून घेतली. संस्थेने तीन निरीक्षण बोअर घेतले. अहवालात असे म्हटले आहे की टाकीच्या खड्ड्याभोवतीच्या मातीत डिझेल सापडले, परंतु भूजलाचा प्रवाह नैऋत्येला, म्हणजे नदीच्या दिशेने असल्यामुळे पूर्वेकडील मिळकतींना बाधा पोहोचण्याचा संभव नाही. नकाशावर तसा एक जाड निळा बाणही काढलेला आहे. आमची मिळकत पूर्वेला आहे.

मालकांशी आमचे संबंध चांगले आहेत. त्यांच्या परवानगीने मी आणि आमच्या ओळखीचे एक गवंडी अशा दोघांनी गेल्या शनिवारी दुपारी चार वाजता त्या तिन्ही बोअरची पाणीपातळी स्वतः मोजली. पोलादी टेपच्या टोकाला वजन बांधले, शेवटच्या हातभर भागाला खडू लावला आणि केसिंगच्या (बोअरमध्ये बसवलेल्या पाईपच्या) काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर घेतले. त्यानंतर गवंड्यांनी पाणी भरलेल्या लेव्हल पाईपने तिन्ही केसिंगच्या काठांची उंची आमच्या इमारतीच्या जोत्याशी जोडून दिली. जोते १०० मीटर धरले आहे.

पहिला बोअर टाकीच्या खड्ड्याशेजारी, आवाराच्या नैऋत्य कोपऱ्यात आहे. त्याच्या काठाची उंची ९९.६२ मीटर आणि पाणी काठापासून ४.३० मीटर खाली. दुसरा बोअर पहिल्याच्या बरोबर पूर्वेला ४० मीटरवर, काठ १००.३५ मीटर, पाणी ५.१९ मीटर खाली. तिसरा पहिल्याच्या उत्तरेला ३० मीटरवर, काठ ९९.८८ मीटर, पाणी ४.५३ मीटर खाली. आमचा आड दुसऱ्या बोअरच्या पूर्वेला आणखी २५ मीटरवर आहे.

आमच्याकडे जमीन पश्चिमेला उतरते हे पावसाच्या पाण्याचा ओघळ पाहूनही कळते. मग भूजल चढाकडे कसे येईल? माझ्या मोजण्यात चूक आहे की अहवालात, आणि पुढे काय करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

निवृत्त भूवैज्ञानिक, कराड

आपण जोत्याशी उंची जोडून घेतली, हे सर्वांत महत्त्वाचे काम केलेत. बोअरमधील पाणी "किती खाली आहे" यावरून प्रवाहाची दिशा कधीच ठरत नाही, कारण ते अंतर जमिनीच्या चढउताराबरोबर बदलते. पाण्याची स्वतःची उंची काढावी लागते. आपल्या आकड्यांची वजाबाकी केली तर पहिल्या बोअरमध्ये पाण्याची उंची ९५.३२ मीटर, दुसऱ्यात ९५.१६ मीटर आणि तिसऱ्यात ९५.३५ मीटर येते.

म्हणजे पहिल्याकडून दुसऱ्याकडे, पूर्वेला, ४० मीटरमध्ये १६ सेंटिमीटरची घट आहे. तिसऱ्याकडून पहिल्याकडे, दक्षिणेला, ३० मीटरमध्ये ३ सेंटिमीटरची घट आहे. पहिला उतार हजारात चार, दुसरा हजारात एक. दोन्ही एकत्र केले तर त्या शनिवारी दुपारी पाणी पूर्वेकडे, किंचित दक्षिणेला कलून, हजारात सुमारे ४.१ या उताराने वाहत होते. जमीन पश्चिमेला उतरते आणि पाणी पूर्वेला जाते, यात विसंगती काहीच नाही. भूजलाला जमिनीचा पृष्ठभाग दिसत नाही. जिकडे त्याची पातळी खाली तिकडे ते जाते. माणसाचा हात लागलेला नसेल तेव्हा ही पातळी बहुधा जमिनीच्या उतारामागोमाग जाते, आणि या "बहुधा" वर विसंबून कितीतरी अहवालांत बाण काढले जातात.

शहरात मात्र माणसाचा हात लागलेला असतोच. म्हणून माझा पहिला प्रश्न असा आहे की आपल्या पूर्वेला कोणाचा बोअर चालतो? लॉज, रुग्णालय, बर्फाचा कारखाना, गाड्या धुण्याचे केंद्र, टँकर भरण्याचे ठिकाण, असे काही असल्यास तो पंप किती वाजता सुरू होतो आणि किती वाजता बंद होतो याची नोंद ठेवा. उपशामुळे पाण्याच्या पातळीत पंपाभोवती पसरट खळगा पडतो आणि तो खळगा आसपासचे पाणी आपल्याकडे ओढतो. मूळचा नैसर्गिक उतार हजारात अर्धा किंवा एक इतकाच असेल, तर तो उलटा करायला मोठा पंप लागत नाही.

दुसरे असे की तीन पातळ्यांमधून एक प्रतल काढण्याची ही रीत तेव्हाच खरी ठरते, जेव्हा तिन्ही बोअर एकाच जलधरात, म्हणजे पाणी साठवणाऱ्या व वाहू देणाऱ्या एकाच थरात, असतात. महाराष्ट्राच्या चार पंचमांशाहून अधिक भूभागाखाली बेसाल्ट आहे, आणि सांगलीतही नदीकाठच्या गाळाच्या व काळ्या मातीखाली तोच आहे. या खडकात पाणी वाळूत साठते तसे सर्वत्र सारखे साठत नाही. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि कुजलेला खडक, मग भेगांचा किंवा मांजऱ्या (बारीक छिद्रांचा) खडक, मग निव्वळ काळा पाषाण, आणि कुठेतरी दोन लाव्हाथरांच्या मध्ये लाल गेरूचा थर, अशी उतरंड असते. मुरमातले पाणी आणि पाषाणाखालच्या भेगेतले पाणी यांच्या पातळ्यांत काही मीटरचाही फरक असू शकतो. एक बोअर मुरमात थांबला असेल आणि दुसरा पाषाण फोडून खाली गेला असेल, तर त्यांच्या पातळ्या जोडून काढलेला बाण निरर्थक होय. अहवालात प्रत्येक बोअरची खोली, जाळीचे पाईप कोणत्या खोलीपासून कोणत्या खोलीपर्यंत बसवले आणि बाहेरची पोकळी कशाने बंद केली, याची नोंद असायला हवी. ती पाने येथे द्यावीत.

आता वेगाविषयी, कारण डिझेल येथवर पोहोचण्याइतका काळ गेला होता का, हा प्रश्न उद्या विचारला जाईलच. हेन्री डार्सी यांनी वाळूच्या गाळण्यांवर केलेले प्रयोग १८५६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातून निघालेला नियम आजही आपला आधार आहे: पारगम्यता (थरातून पाणी किती सहज वाहते याचे माप) आणि उतार यांचा गुणाकार करावा, आणि पाणी प्रत्यक्ष किती वेगाने सरकते हे हवे असेल तर त्याला पाणी वाहू देणाऱ्या पोकळीच्या प्रमाणाने भागावे. मुरमाची पारगम्यता समजा दिवसाला २ मीटर धरली आणि उतार ०.००४१ धरला. पाणी वाहू देणारी पोकळी वाळूसारखी १५ टक्के धरल्यास पाणी दिवसाला साडेपाच सेंटिमीटर सरकेल आणि पहिल्या बोअरपासून आपल्या आडापर्यंतचे ६५ मीटर अंतर कापायला सव्वातीन वर्षे लागतील. पण भेगाळलेल्या बेसाल्टमध्ये ही पोकळी दोन-तीन टक्के इतकीच असते. ३ टक्के धरल्यास तेच अंतर सुमारे आठ महिन्यांत कापले जाते. हे आकडे उदाहरणादाखल आहेत, आपल्या जागेचे नाहीत. परंतु वाळूचे आकडे बेसाल्टला लावणारा अहवाल दिसला तर सावध व्हावे, एवढे यावरून समजावे. पाण्यात विरघळलेले तेल मातीला चिकटत आणि जिवाणूंकडून खाल्ले जात पुढे सरकते, म्हणून ते पाण्यापेक्षा मागे राहते, हेही खरे.

आणि नदी. सांगलीच्या आयर्विन पुलाखालची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे; २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. नदी इतकी चढते तेव्हा तिची पातळी काठच्या भूजलापेक्षा उंच होते आणि पाणी नदीकडून जमिनीत शिरते. त्या दिवसांत नदीकाठच्या पट्ट्यातले सगळे बाण उलटे फिरतात. पूर ओसरल्यावर ते पाणी हळूहळू परत येते. उन्हाळ्यातही सांगलीची कृष्णा ही निव्वळ निसर्गाची नदी राहिलेली नाही. कोयनेतून सोडलेले पाणी कराडच्या संगमावरून खाली किती येते आणि खालच्या अंगाला म्हैसाळ बंधाऱ्यात किती अडते, यावर तिची पातळी ठरते. सव्वा किलोमीटरवर रोजच्या चढउताराचा परिणाम फारसा पोहोचणार नाही, परंतु महापुराचा पोहोचतो, आणि आपण सांगता त्याप्रमाणे पुराचे पाणी तर थेट टाकीवरच उभे होते. टाकीच्या भरणीच्या आणि हवेच्या नळीतून पाणी आत शिरले की ते तळाशी बसते आणि हलके तेल वर ढकलले जाऊन बाहेर पडते. टाकी गळकी नसतानाही हे घडू शकते.

बोअरवेल चालक, तासगाव

या व्यवसायात मला बावीस वर्षे झाली. शास्त्रातले साहेबांनी सांगितले आहे, मी फक्त बोअरचे सांगतो, कारण अशा प्रकरणात बोअर हाच वाहक असतो आणि त्याच्याकडे कोणी पाहत नाही.

आमच्या भागात बोअर घेताना वरच्या माती-मुरमात केसिंग घालतात आणि कठीण खडक लागला की केसिंग थांबवतात. पंधरा-वीस फुटांवर खडक लागला की गिऱ्हाईकही म्हणते, पाईप वाचवा. खडकात घेतलेले भोक केसिंगपेक्षा मोठे किंवा वाकडे असेल तर पाईपच्या बाहेरून फट राहते. ती फट पातळ कालवलेल्या सिमेंटने भरून घ्यावी असा शिरस्ता असायला हवा, पण त्याला खर्च आणि एक दिवस लागतो, म्हणून बहुतेक ठिकाणी मातीच ढकलली जाते. मी स्वतः पूर्वी तेच केले आहे आणि आज ते चुकीचे होते असे मानतो.

अशा बोअरमध्ये खालून उपसा सुरू झाला की आतली पातळी पन्नास-साठ फूट खाली जाते, आणि मग वरच्या मुरमातले पाणी केसिंगच्या बुडाशी असलेल्या भेगांतून आत गळू लागते. पंप सुरू असताना बोअरच्या तोंडाशी कान लावा. आत पाणी उंचावरून पडल्याचा टपटप किंवा धार लागल्यासारखा आवाज आला, तर समजा की तो बोअर वरचे पाणी ओढतो आहे. त्या पाण्यात डिझेल असेल तर तेही याच वाटेने खालच्या पाण्यात जात आहे. वरचे पाणी एक वेळ स्वच्छ करता येईल, पण पाषाणाखाली दोनशे फुटांवर गेलेले कोण आणि कसे काढणार?

निरीक्षण बोअर कोणत्या गाडीने घेतले तेही विचारा. हवेच्या दाबाने मारलेल्या बोअरमधून बाहेर पडणाऱ्या भुकटीचा रंग दर दहा फुटांना बदलतो: काळी, मग पिवळसर, मग राखाडी, मध्येच गेरूसारखी लाल. गाडीवरच्या माणसाने तो लिहून ठेवलेला असतो किंवा निदान त्याला आठवत असतो. सल्लागाराच्या कागदावर जे नाही ते त्याच्याकडे मिळेल.

गाळामालक दादा, एक विनंती आहे. वास येतो म्हणून आड घाईने दगडमातीने बुजवू नका. पुष्कळ जण तसे करतात. आड बुजला तर पाणी पाहण्याची आणि गरज पडल्यास तेल उपसण्याची तयार जागाच गेली.

पाणी तपासणी, मिरज

मी एका प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे मापनाविषयी आणि नमुन्याविषयी लिहिते.

पाण्यावर तेलाचा थर असेल तर खडू लावलेला टेप फसवतो, कारण खडू तेलानेही भिजतो आणि आपण तेलाच्या वरच्या काठाला पाण्याची पातळी समजतो. पेट्रोल पंपावर टाकीच्या तळाशी पाणी आहे का हे पाहण्यासाठी डिपस्टिकला जी पेस्ट लावतात, ती पाणी लागल्यावरच रंग बदलते. टेपच्या एका बाजूला ती लावावी आणि दुसऱ्या बाजूला खडू ठेवावा. खडूची खूण आणि पेस्टची खूण यांतील अंतर म्हणजे तेलाच्या थराची जाडी. डिझेलची घनता साधारण ०.८३ असते. म्हणून पहिल्या बोअरमध्ये समजा १२ सेंटिमीटर डिझेल असेल, तर पाण्याची खरी दाबपातळी खडूच्या खुणेपेक्षा सुमारे २ सेंटिमीटर खाली धरावी लागेल. दोन सेंटिमीटर म्हणजे क्षुल्लक वाटते, परंतु आपल्या पहिल्या आणि तिसऱ्या बोअरमधला एकूण फरकच ३ सेंटिमीटर आहे. त्याचबरोबर, बोअरमध्ये दिसणारी तेलाची जाडी मातीतल्या खऱ्या जाडीइतकी नसते. बोअरमध्ये तेल जमा होत राहते, त्यामुळे ती बहुधा अधिक दिसते. त्या आकड्यावरून जमिनीत किती डिझेल आहे याचा हिशेब मांडू नये.

नमुना घेताना आडात बादली सोडून वरचा तवंग भरून आणू नका, तसेच पंपाने फेसाळलेले पाणीही आणू नका. प्रयोगशाळेकडून काचेच्या बाटल्या घ्या, त्या काठोकाठ भरा, आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवा. उडून जाणारे घटक प्लास्टिकच्या बाटलीतून आणि अर्धवट भरलेल्या बाटलीतून निघून जातात, आणि मग "आढळले नाही" असा निकाल येतो, जो खोटा दिलासा ठरतो. एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन, बेंझीन, टोल्युइन, एथिलबेंझीन, झायलीन आणि नॅप्थलीन यांची तपासणी मागा. डिझेलमध्ये बेंझीन पेट्रोलच्या मानाने बरेच कमी असते, तरी ते वगळू नका. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने बेंझीनची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम ठेवली आहे, आणि इतक्या कमी प्रमाणाचा वास नाकाला येत नाही. म्हणजे वास गेला याचा अर्थ पाणी चांगले झाले, असा होत नाही.

बादलीच्या तळाशी बसणाऱ्या तांबूस गाळाचा आपण उल्लेख केला आहे, तो मला फार महत्त्वाचा वाटतो. जिवाणू तेल खातात तेव्हा प्रथम पाण्यातला प्राणवायू संपतो, मग नायट्रेट, आणि त्यानंतर खडकातल्या लोहाचा वापर होऊन ते पाण्यात विरघळते. असे पाणी वर काढून हवेत ठेवले की लोह तांबड्या गाळाच्या रूपाने खाली बसते. तेव्हा नमुन्याबरोबर विरघळलेला प्राणवायू, नायट्रेट, लोह आणि सल्फेट हेही तपासा, आणि तुलनेसाठी दूरच्या एखाद्या स्वच्छ आडाचे पाणी घ्या. आपल्या आडात लोह खूप आणि नायट्रेट शून्याजवळ, तर दूरच्या आडात याच्या उलट, असे आढळले तर डिझेल केवळ कोणीतरी वरून ओतलेले नाही, ते जमिनीतून मुरत आले आहे, याला बळ मिळेल. मालकांशी संबंध चांगले असले तरी उद्या वाद झालाच तर ही नोंद आपल्या उपयोगी पडेल.

गाळामालक, सांगली

तिघांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे केले आणि जे दिसले ते लिहितो.

आमच्या पूर्वेला, आडापासून तीस मीटरवर, गाड्या धुण्याचे केंद्र आहे. त्यांचा बोअर १८० फुटांचा आहे आणि केसिंग २० फूट. केंद्र सकाळी आठपासून रात्री आठपर्यंत चालते आणि सोमवारी बंद असते. केंद्र चालवणाऱ्या काकांनी स्वतः झाकण काढून दिले. पंप सुरू असताना मी आणि त्यांनी आळीपाळीने कान लावला. आत पाण्याची बारीक धार पडत असल्याचा आवाज स्पष्ट येतो. ते पाणी ते स्वतः घरी वापरत होते. आवाज ऐकून उठले आणि आधी घरी फोन केला.

बोअरचे तक्तेही मिळाले. तिन्ही निरीक्षण बोअर १२ मीटरचे आहेत, जाळीचे पाईप ३ ते १२ मीटर, आणि तिन्ही मुरूम व भेगाळ खडकातच थांबले आहेत. म्हणजे या बाबतीत संस्थेचे काम व्यवस्थित आहे.

पेस्ट मिळवून शनिवारी दुपारी चार वाजता पुन्हा मोजले. पहिल्या बोअरमध्ये तेलाचा थर अर्धा सेंटिमीटर निघाला, म्हणजे दुरुस्ती एका मिलिमीटरहूनही कमी. पाण्याची उंची पहिल्यात ९५.३१, दुसऱ्यात ९५.१४, तिसऱ्यात ९५.३४ आणि आमच्या आडात ९४.९८ मीटर. त्यानंतर मंगळवारी सकाळी सात वाजता, केंद्राचा पंप रविवारी रात्रीपासून बंद राहिलेला असताना, पुन्हा मोजले. पहिल्यात ९५.३६, दुसऱ्यात ९५.३९, तिसऱ्यात ९५.३८ आणि आडात ९५.४०.

मी भूवैज्ञानिक नाही, पण वजाबाकी मला येते. मंगळवारी सकाळी पाणी पूर्वेकडून पश्चिमेला आणि उत्तरेकडून दक्षिणेला, म्हणजे नैऋत्येलाच, चालले होते, अगदी अहवालातल्या बाणासारखे. मी अहवालाच्या परिशिष्टातील पातळ्यांचा तक्ता काढून त्यावरची तारीख दिनदर्शिकेत पाहिली. तो सोमवार होता. पातळ्या एकदाच, त्याच दुपारी, मोजलेल्या आहेत.

आडाच्या पाण्याचे नमुने काल मिरजेला दिले. तुलनेसाठी अर्धा किलोमीटर उत्तरेच्या एका देवळाच्या आवारातील आडाचे पाणी दिले आहे. मालकांना दोन्ही दिवसांचे आकडे एका कागदावर लिहून दिले. ते बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले की संस्थेला पुन्हा बोलावतो. वॉशिंग केंद्राच्या काकांना पंप कायमचा बंद करा असे सांगायला माझी जीभ रेटत नाही. चार मुलांचे पोट त्यावर आहे. त्यांनी पंप बंद केला तर आमच्याकडे येणारे डिझेल थांबेल का, हे कृपया सांगावे.

निवृत्त भूवैज्ञानिक, कराड

आपले दोन्ही दिवसांचे आकडे एकमेकांशी जुळतात. शनिवारी दुसऱ्या बोअरपासून आडापर्यंतच्या २५ मीटरमध्ये १६ सेंटिमीटरची घट आहे, म्हणजे हजारात ६.४. पंपाकडे जावे तसा उतार वाढत जातो, तो खळग्याचाच आकार आहे. आठवड्याचे सहा दिवस पाणी दिवसा आपल्याकडे येते आणि सुट्टीच्या दिवशी मागे फिरते. मागे फिरतानाचा उतार हजारात जेमतेम एक आहे, त्यामुळे सहा दिवसांत आलेले एका दिवसात परत जात नाही. रात्री पंप बंद असताना काय होते, हे कळण्यासाठी एकदा रात्री अकरा, पहाटे तीन आणि सकाळी सात वाजता आडाची पातळी घ्यावी.

पंप एकदम बंद करावा असे मी आज तरी सांगणार नाही. तो बंद केल्यास आपल्याकडे येणे थांबेल, पण वाट पश्चिमेला वळेल, आणि रस्त्यापलीकडे कोणाचे आड व बोअर आहेत ते आपण अद्याप पाहिलेले नाही. आधी चारही दिशांना दोनशे मीटरपर्यंतच्या सर्व आड-बोअरची यादी करा आणि त्यांतील पाणी तपासून घ्या. केंद्राच्या काकांच्या बोअरमधून वरचे पाणी खाली जाणे मात्र थांबवलेच पाहिजे; पाषाणात पक्के बसेल इतके लांब केसिंग आत घालून बाहेरची फट पातळ कालवलेल्या सिमेंटने भरणे हा त्याचा मार्ग आहे, आणि तासगावचे बोअरचालक याबाबत माझ्यापेक्षा चांगले सांगतील. त्यानंतर तो बोअर मुरमातले पाणी ओढणार नाही आणि काकांचा धंदाही चालू राहील. टाकीच्या खड्ड्याभोवतीची भिजलेली माती काढणे आणि पहिल्या बोअरमधील तेल उपसत राहणे ही मालकांची जबाबदारी आहे, आणि संकुलाचा पाया खणण्यापूर्वी ती पुरी व्हायला हवी, कारण तळघरासाठी खड्डा खणून पाणी उपसायला सुरुवात झाली की प्रवाह पुन्हा एकदा वेगळीच दिशा घेईल.

हे आकडे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सांगली कार्यालयाला आणि भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाला लेखी कळवा, आणि पोच घ्या. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्यात भूमिगत पाण्याचाही समावेश आहे. शिवाय २०२५ मध्ये केंद्र सरकारने प्रदूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम लागू केले आहेत. त्यांनुसार संशयित जागांची माहिती स्थानिक प्रशासनाने राज्य मंडळाला देणे आणि मंडळाने त्यांची तपासणी करणे अपेक्षित आहे, म्हणून एक प्रत महापालिकेलाही द्यावी. अर्जासोबत शनिवारचा आणि मंगळवारचा असे दोन वेगळे नकाशे जोडा आणि प्रत्येकावर वार, वेळ व केंद्राचा पंप चालू होता की बंद, हे लिहा. जूनचा पहिला मोठा पाऊस झाल्यावर आणि पुन्हा सप्टेंबरअखेर, याच चार ठिकाणी, त्याच काठापासून पातळी घ्या. केसिंगच्या काठावर जेथे टेप टेकवला तेथे ऑइलपेंटने खूण करून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी दुसऱ्या कोणी मोजले तरी आकडा त्याच जागेचा येईल.